वरचा एस

ऑफिसात नवीन फॉर्म आला की मी आधी त्याचे समास बघतो. तीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या ड्रॉइंग ऑफिसात घालवलेल्या माणसाला मजकूर नंतर दिसतो. त्यामुळे "सर्व कर्मचाऱ्यांनी आपली मूळ शैक्षणिक प्रमाणपत्रे तीस दिवसांत संगणकावर चढवावीत" हा फॉर्म आला तेव्हा त्याचा डावा समास उजव्यापेक्षा बारीक आहे हे मी सगळ्यांना दाखवलं, दोन दिवस त्यावर हळहळलो, आणि आत काय लिहिलंय ते तिसऱ्या दिवशी वाचलं.

माझ्याकडे डिप्लोमाचं मूळ प्रमाणपत्र नव्हतं. होतं ते तात्पुरतं. तसं त्यावर ठळक अक्षरांत छापलेलंच होतं, पण मी ते तीस वर्षं कपाटात अगदी कायमस्वरूपी जपून ठेवलं होतं. म्हटलं, त्यात काय, अर्धा दिवस रजा टाकू, तंत्रनिकेतनात जाऊ, मूळ प्रत घेऊन येऊ. येताना मुलीलाही घेऊन येऊ, कारण तीही त्याच तंत्रनिकेतनात दुसऱ्या वर्षाला आहे. नशीब, तिला घेऊन यायचं मी विसरलो.

चार नंबरच्या खिडकीत एक बाई बसतात. त्यांनी मला "काका" म्हटलं, नाव विचारलं, आणि आतून दाराएवढं एक रजिस्टर दोन्ही हातांनी उचलून आणलं. त्यात बोट फिरवत त्या एका ओळीवर थांबल्या. 

"गणित तीन," बाई म्हणाल्या. "अडतीस."

"म्हणजे पास."

"पासाला चाळीस लागतात, काका."

"हो, पण मला दोन ग्रेस मार्क मिळाले होते ना!"

"मिळाले असतील. इथे लिहिलंय, 'दोन ग्रेस, आदेश सोबत जोडला आहे.'" बाईंनी पान उलटं केलं, सुलटं केलं, थोडं हलवूनही बघितलं. "पण सोबत कुणीच नाही."

थोडक्यात, मी गेली तीस वर्षं गणितात नापास होतो आणि मला कुणी सांगितलं नव्हतं. बाई मनाने चांगल्या. त्यांनी मला पाणी दिलं, बसायला आपलं स्टूल दिलं, आणि मग एक फॉर्म दिला. माजी विद्यार्थी म्हणून पुन्हा परीक्षेला बसायचा. दीड महिन्याने पेपर होता. "सोपा असतो हो, काका," त्या म्हणाल्या. "मुलं पास होतात."

ऑफिसने सहा महिन्यांची मुदत दिली. तोवर प्रमाणपत्र आलं नाही तर माझ्या टेबलावरची "मुख्य आरेखक" ही पाटी उचलून पलीकडच्या टेबलावर जाणार होती. पलीकडच्या टेबलावर चालेल बसतो. त्याचं खरं नाव वेगळं आहे, पण काहीही विचारलं तरी तो "चालेल" म्हणतो म्हणून आम्हीही त्याला तेच म्हणतो. पंधरा वर्षांपूर्वी पेन्सिलला टोक कसं काढायचं इथपासून मी त्याला शिकवलं होतं. आता त्याने तपासलेल्या ड्रॉइंगवर मी खाली सही करायची! "साहेब, मी नाही हो मागितली पाटी," तो म्हणाला. "पण आलीच तर..." आणि पुढचा शब्द त्याने मोठ्या मनाने गिळला.

खरी पंचाईत ऑफिसात नव्हती, घरी होती. आमच्या घरात बाबांचं गणित ही एक आख्यायिका आहे. ती मीच पसरवलेली आहे. मुलगी पहिलीत असल्यापासून गणिताचा पेपर घेऊन आली की मी चष्मा लावून तो बघायचो. नव्वद आणले तर "उरलेले दहा कुठे गेले?" आणि अठ्ठ्याण्णव आणले तर "उरलेले दोन कुठे गेले?" हे मी विचारायचोच. तिच्या भल्यासाठीच विचारायचो. आता त्याच दोन मार्कांनी माझी मानगूट धरली होती, आणि हे घरी सांगायचं म्हणजे नाक कापून ताटलीत ठेवण्यासारखं होतं.

म्हणून मी गुपचूप अभ्यास करायचं ठरवलं. मुलीचं गणिताचं पुस्तक तिच्या टेबलावरून उचललं आणि सकाळी न्हाणीघरात न्यायला लागलो. नळ सोडायचा, बादली भरू द्यायची आणि लाप्लास ट्रान्सफॉर्मचा धडा वाचायचा. तीस वर्षांपूर्वी हा विषय मला अजिबात कळला नव्हता एवढंच मला आठवत होतं, आणि त्या बाबतीत माझी स्मरणशक्ती उत्तम निघाली.

तिकडे घरात पुस्तकाचा शोध सुरू झाला. मुलीने आईवर आळ घेतला, कारण आवरते तीच. बायकोने सगळी कपाटं काढली, पलंग सरकवला, आणि पलंगाखाली मी हरवलं म्हणून सांगितलेला तिच्या माहेरचा थर्मास सापडला. त्याचं वेगळं प्रकरण झालं. तिसऱ्या दिवशी धुण्याच्या मशीनमागून मुलीने पुस्तक ओढून काढलं. आत खूण म्हणून माझा चष्मा होता. आणि चष्म्यासोबत माझा परीक्षेचा फॉर्म, फोटोसकट.

ती बराच वेळ तो वाचत होती. मी बादलीकडे बघत होतो.

"अडतीस?" ती म्हणाली.

"तांत्रिक अडचण आहे. एक आदेश गहाळ..."

"बाबा," मुलीने हाताची घडी घातली. गालातल्या गालात हसू दाबायचा तिने प्रयत्नही केला नाही. "उरलेले दोन कुठे गेले?"

बायको स्वयंपाकघरात जाऊन इतकी हसली की खालच्या मजल्यावरून अध्यक्ष काय झालं म्हणून विचारायला वर आले.

अध्यक्ष म्हणजे आमच्या इमारतीच्या कमिटीचे. ते कशातून निवृत्त झालेत ते कुणालाच नक्की माहीत नाही, पण सगळ्यातलं त्यांना कळतं. संध्याकाळपर्यंत सगळ्या इमारतीला कळलं की मी परीक्षेला बसतोय. दुसऱ्या दिवसापासून जिना चढणं मुश्कील झालं. अध्यक्षांचं म्हणणं, उभं राहून अभ्यास करावा, म्हणजे रक्त पायात जातं आणि डोकं हलकं होतं. समोर शिवणकाम करणाऱ्या वहिनी राहतात, त्यांनी सांगितलं की पाठ करायचं ते मोजपट्टीच्या तालावर म्हणावं. त्यांच्या घरी लाप्लास हा कुणीतरी माझ्या मागे लागलेला माणूस आहे अशी समजूत झाली असावी, कारण रोज सकाळी दारातून त्या सहानुभूतीने विचारायच्या, "काय म्हणतोय तुमचा लाप्लास? आज तरी ऐकतो का?"

मुलगी माझी शिक्षिका झाली. शिक्षिका म्हणून ती हुबेहूब माझ्यावर गेली आहे, हे मला त्या महिन्यात कळलं. "चष्मा पुसा. पेन्सिल टोकदार करा. आता कशाला पाणी पाहिजे?" ही सगळी वाक्यं मूळची माझी. पण शिकवायची छान, हे कबूल केलं पाहिजे. शिफ्टिंग थिअरम नावाचं जे प्रकरण मला तीस वर्षांपूर्वी नडलं होतं, ते तिने एका संध्याकाळी चहाचा कप निवायच्या आत सांगितलं.

"गणितात फंक्शनला बाजूला ई चा घात चिकटलेला दिसला की घाबरायचं नाही. त्याच्याकडे आधी सरळ दुर्लक्ष करायचं. उरलेल्याचा ट्रान्सफॉर्म तुम्हाला पाठ आहे. तो लिहायचा, त्यात टीच्या जागी एस येतो. मग ई च्या डोक्यावर टीबरोबर जो आकडा असेल, तो एसमधून वजा करायचा. आणि जिथे जिथे एस आहे तिथे तिथे हे नवीन लिहायचं. संपलं."

"एवढंच?"

"एवढंच. सांगा, कॉस थ्री टीचा काय?"

"एस अपॉन एस स्क्वेअर प्लस नाइन." हे मी मोजपट्टीच्या तालावर पाठ केलं होतं.

"आता त्याला ई टू द मायनस टू टी चिकटलाय."

"म्हणजे एस वजा दोन."

"बाबा, आकडाच उणे दोन आहे. तो वजा केला की?"

चार दिवस मी त्या उण्याशी झगडलो. उणे दोन आत जातात आणि अधिक दोन होऊन बाहेर येतात, हे माझ्या सरळमार्गी स्वभावाला पटतच नव्हतं. पण शेवटी पटलं. मी मोठ्या ऐटीत कागदावर उत्तर लिहिलं आणि तिच्यापुढे ठेवलं. खाली कंसात एस अधिक दोन, त्याचा वर्ग, अधिक नऊ. आणि वर, एस.

"वरचा एस?" ती म्हणाली.

"काय झालं त्याला?"

"तो पण बदलायचा."

"का? तो बिचारा एकटा आहे. ना कुणाच्या अध्यात, ना मध्यात."

"जिथे जिथे एस, तिथे तिथे, बाबा!"

मी मान डोलावली. पुढच्या गणितात खालचे एस बदलले, वरचा राहिला. त्याच्या पुढच्यातही राहिला. असं आठवडाभर चाललं. मला नियम तोंडपाठ होता, झोपेतून उठवलं असतं तरी सांगितला असता, पण लिहिताना खालच्या कंसाची बांधाबांध करण्यात माझा सगळा जीव खर्ची पडायचा आणि वरच्या एसपाशी पोचेपर्यंत उत्तर झाल्याचं समाधान मला व्हायचं. तिने लाल पेनने गोल केले. मग निळ्याने केले, लाल संपलं म्हणून. बायकोने "वरचा एस" अशी चिठ्ठी फ्रिजवर लावली. ती वाचून अध्यक्षांनी वरच्या मजल्यावर कुणी नवीन भाडेकरू आलाय का म्हणून चौकशी केली.

पेपरला आठ दिवस उरले होते तेव्हा आमचं भांडण झालं. मी सलग अकराव्या गणितात वरचा एस सोडला होता.

"तुम्ही लक्षच देत नाही!" ती ओरडली.

"बापाला शिकवतेस?"

"तेच तर करतेय महिनाभर! माझा पण तोच पेपर आहे, बाबा!"

आणि तिथे मी बोलायला नको ते बोललो. मी म्हणालो, "तुला काय कळतंय, ते माहीत आहे. अठ्ठ्याण्णवच्या वर तर कधी गेली नाहीस."

तिने पुस्तक मिटलं. ओरडली नाही, हेच वाईट झालं. "मला पेपर हातात आला की आधी ते दोनच दिसतात," ती म्हणाली. "लहानपणापासून. अठ्ठ्याण्णव कधी दिसलेच नाहीत मला." आणि ती आत गेली.

बायको माझ्याकडे बघत राहिली.  मला फार लाज वाटली. नापास झाल्याची वाटली होती त्याच्या दसपट. पण बापाने माफी कशी मागायची याचा धडा कुठल्याच पुस्तकात नसतो, निदान माझ्या वेळी नव्हता. सकाळी मी कुणाशी न बोलता ऑफिसात निघून गेलो, आणि चष्मा घरीच विसरलो.

त्या दिवशी चालेलने एका पंपहाउसचं ड्रॉइंग माझ्यापुढे ठेवलं. मधे खांब येतो म्हणून दोन नंबरचा पंप दोन मीटर उजवीकडे घ्यायचा होता. मी कागद नाकाला लावून बघितला. प्लॅनमध्ये पंप सरकला होता. सेक्शनमध्ये, म्हणजे उभ्या छेदात, तिथेच. पायाच्या शीटवर तिथेच. यादीतही जुनंच अंतर.

"बाकीच्या शीटचं काय?"

"प्लॅनमध्ये केलंय ना, साहेब. चालेल."

मग माझा तोल सुटला. आदल्या दिवसाचा सगळा राग बिचाऱ्या चालेलवर निघाला. "चालेल? पंप एकदा सरकला की सगळीकडे सरकतो! प्लॅनमध्ये सरकतो, सेक्शनमध्ये सरकतो, पायाच्या शीटवर सरकतो, यादीत सरकतो! एका जागी जुना ठेवलास की साइटवरचा माणूस खड्डा इथे खणेल आणि पंप तिथे आणून उभा करेल! जिथे जिथे पंप, तिथे तिथे बदल! किती वेळा सांगायचं? पंधरा वर्षं मी..."

दारात कुणीतरी हसलं. मुलगी उभी होती, हातात माझ्या चष्म्याची डबी घेऊन.

"अजून एकदा म्हणा, बाबा," ती म्हणाली.

"काय?"

"जिथे जिथे पंप."

 चालेल एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होता. तिने माझ्या टेबलावरचा एक कोरा कागद ओढला, त्यावर एस अपॉन एस स्क्वेअर प्लस नाइन लिहिलं, आणि प्रत्येक एसभोवती एक छोटा पंप काढला. वाईट काढला होता, आमच्यात कुणी असा काढत नाही, पण पंप होता.

"दोन मीटर सरकवा," ती म्हणाली.

मी चष्मा लावला. खालचा सरकवला. वरचा सरकवला. हात जराही अडला नाही. तीस वर्षं या कामात माझी एक चूक कुणी दाखवावी! मग मी तिला म्हणालो, "काल मी चुकलो." हे वाक्य मला वाटलं होतं त्यापेक्षा बरंच छोटं निघालं. ती म्हणाली, "हो. चुकलातच." आणि खाली बसून तिने मला आणखी सहा गणितं घातली. चालेलने तिघांसाठी चहा मागवला आणि मग मुकाट्याने सेक्शन काढायला घेतलं.

पेपरच्या दिवशी मी हॉलमध्ये शिरलो तर सगळी मुलं उभी राहिली. पर्यवेक्षकही उभे राहिले, त्यांनी खुर्ची पुढे केली आणि बाहेरून तपासणीला आलेल्या साहेबांना देतात तसा चहा मला दिला. मी तो प्यालो. नाही म्हणणं उद्धटपणाचं दिसलं असतं. मग मी कप खाली ठेवून शेवटच्या बाकावर जाऊन बसलो तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्यात हॉलतिकिटावर संगणकाने जुन्या रेकॉर्डमधून माझा तीस वर्षांपूर्वीचा फोटो उचलला होता. दाट केस, जाड मिशा.

"हा कोण?" पर्यवेक्षकांनी विचारलं.

"मी."

"मग तुम्ही?"

"मीच. नंतरचा."

दुसऱ्या रांगेत मुलीचे खांदे हलत होते. हसत होती कार्टी.

पाचव्या प्रश्नात तो आला. ई टू द मायनस थ्री टी, कॉस फोर टी. मी ई कडे दुर्लक्ष केलं. पाठ होतं ते लिहिलं. उणे तीनचे अधिक तीन केले. खालचा पंप सरकवला, वरचा पंप सरकवला, मागे वळून प्रत्येक एस पुन्हा तपासला, आणि सवयीने समासात लिहिलं, "सर्व ठिकाणी बदल केला आहे." खाली सही ठोकली. तारीखसुद्धा.

बाहेर व्हरांड्यात ती पळत आली. "पाचवा? वरचा एस?"

"सरकवला. वर, खाली, सगळीकडे. सही करून आलोय!"

"सही?" ती पोट धरून हसायला लागली, आणि मधेच गप्प झाली. कपाळाला हात लावून क्षणभर उभी राहिली. मला वाटलं, दमली असेल.

निकालाच्या दिवशी मी चार नंबरच्या खिडकीपाशी गेलो. बाईंनी हसत दोन गुणपत्रिका सरकवल्या, माझी आणि मुलीची. मग त्यांनी खालून एक पिवळा पडलेला कागद काढला. "काका, एक गंमत झाली. तुमचा ग्रेसचा आदेश सापडला. रजिस्टरच्या पुठ्ठ्याला आतून चिकटला होता. काल डिंक सुकून पडला."

"म्हणजे परीक्षा द्यायची गरजच नव्हती?"

"तसं बघितलं तर नव्हती." बाईंनी पंच उचलला. "प्रमाणपत्राला कुठलं जोडू? जुना आदेश की नवा निकाल?"

मी त्या डिंकाला काय काय म्हणालो ते इथे लिहीत नाही. पण उत्तर द्यायला मला वेळ लागला नाही. "नवा जोडा," मी म्हणालो. "आणि जरा घट्ट जोडा."

घरी दारातच सगळे जमले होते. अध्यक्ष होते, शिवणाच्या वहिनी गळ्यात मोजपट्टी घालून होत्या. मी पास झालो म्हटल्यावर वहिनी म्हणाल्या, "सुटलात एकदाचे त्याच्या तावडीतून." मग मुलीने मी न बघताच तिच्या हातात दिलेली गुणपत्रिका उघडली.

"अठ्ठ्याण्णव," ती म्हणाली.

 बायकोने पदर मुठीत धरला. अध्यक्षांनीसुद्धा खाली बघितलं. सगळ्या इमारतीला माझं ते वाक्य पाठ होतं, हे मला तेव्हा कळलं. 

शेवटी तीच बोलली. "विचारा ना, बाबा."

"नाही विचारायचं."

"मी सांगते. वरचा एस." ती हसत होती. "महिनाभर तुमचा बघून बघून माझ्याच हातातून राहिला. तुम्ही बाहेर आल्यावर सही केली म्हणालात, तेव्हा माझ्या लक्षात आलं."

मी खिशातून माझी गुणपत्रिका काढली आणि तिच्या गुणपत्रिकेशेजारी टेबलावर ठेवली. कडा जुळवून, सरळ. माझ्या कागदावर गणित तीनपुढे बेचाळीस छापले होते.

"पासाला चाळीस लागतात," मी म्हणालो. "हे वरचे दोन तुझे आहेत. माझ्या शीटवर सरकलेत."

ती खुर्चीवर बसली आणि दोन्ही कागद कितीतरी वेळ बघत राहिली. आयुष्यात पहिल्यांदाच ती अठ्ठ्याण्णवकडे बघत होती. मी चष्मा पुसायला घेतला, पुसून स्वच्छ झाला तरी पुसत राहिलो. वहिनींनी अध्यक्षांना काय झालं म्हणून हळूच विचारलं, आणि अध्यक्षांना पहिल्यांदाच सांगता आलं नाही.

आमच्या घरातल्या तिघांना मात्र ते दोन मार्क कुठे गेले हे नक्की माहीत आहे.